उलट्या पायाची नखं

"त्यापरीस पाय कापूनच टाका म्हणा डॉक्टरला!" अमृतराव ओरडले. आतल्या खोलीत नऊ वर्षांची राणी सगळं ऐकते आहे, हे ओरडून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

नातीच्या गुडघ्याजवळ, मांडीच्या हाडात कॅन्सर होता. गुडघा काढावाच लागणार होता. नागपूरच्या डॉक्टरांनी मात्र एक वेगळाच मार्ग सांगितला होता. खालचा निरोगी पाय उलटा फिरवून मांडीला जोडायचा. घोटा गुडघ्याचं काम करील, पाऊल कृत्रिम पायात बसेल, पोरगी पळेलसुद्धा. फक्त टाच पुढे आणि बोटं मागे. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता.

राणीचा बाप रविंद्र विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "आबा, घोटा चालू हाय तिचा. चालू पार्ट म्या गिऱ्हाइकाचा बी कधी भंगारात टाकला न्हाई. लेकीचा टाकू?"

"अन् लोक? उलट्या पायाची कोण असते, ठाऊक न्हाई का तुला?"

हडळ हा शब्द काही त्यांनी उच्चारला नाही. उच्चारणार तरी कसा? गावातल्या, गोरेगावच्या बुद्धविहारात दर पौर्णिमेला अंधश्रद्धेवर बोलणारे तेच. ग्रामपंचायतीत एकतीस वर्षं शिपाई होते, सरपंचापुढे कधी तोंड उघडलं नाही. पण विहारात भूत, भानामती, सगळ्यांचा खरपूस समाचार घ्यायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं.

आतून राणीचा आवाज आला. "आबा, भूत नसतंच म्हणता ना तुमी?"

"न्हाईच माय. पण लोकायला कोणं सांगावं?"

"तुमीच तर सांगता."

अमृतराव चपला घालून बाहेर निघून गेले. रविंद्रने पुन्हा काही विचारलं नाही. त्याने नागपूरला फोन लावून होकार कळवला.

पाच महिन्यांनी राणी घरी आली, तेव्हा अमृतरावांनी पुढच्या दाराला जाड पडदा लावून ठेवला होता. "डास येतात," म्हणाले. शेजारची पद्माबाई पपई घेऊन आली. बोलत होती राणीच्या आईशी, शीतलशी, पण नजर राणीच्या पायावरच्या चादरीवरून हटत नव्हती. निघताना तिने आपल्या नातवाला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि पुटपुटली, "शिवू नको रे तिला."

राणीने ते ऐकलं. अमृतरावांनीही ऐकलं. पद्माबाईचा राग यायला हवा होता, पण लाज वाटत होती ती स्वतःचीच. पडदा कोणी लावला होता?

राणी तीन वर्षांची असल्यापासून दर रविवारी तिची नखं अमृतरावच कापत. ऑपरेशननंतर ते पाऊल त्यांनी एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"आबा, नखं वाढलेत माझे," रविवारी सकाळी राणी म्हणाली.

"आईला सांग."

"आई लई ओढून कापती. तुमी काहून कापत न्हाई? भेव वाटून राहिलं का?"

अमृतरावांनी नेलकटर खिशात टाकलं, राणीला कडेवर घेतलं आणि पडदा सारून ओट्यावर आले. समोरच सेनगावच्या जीपची वाट बघत सात-आठ माणसं उभी होती. त्यांचं बोलणं थांबलं. राणीने आजोबांचा सदरा घट्ट धरला.

त्यांनी तिला स्टुलावर बसवलं आणि सवयीप्रमाणे स्वतः समोर पाट मांडून बसले. समोर टाच आली. नखं पलीकडे होती.

"अमृतराव, काय करून राहिले?" गर्दीतल्या, गावच्याच देविदासने मुद्दाम विचारलं.

"नातीचे नखं कापून राहिलो," अमृतराव मोठ्याने म्हणाले. विहारातही त्यांचा आवाज इतका चढत नसे.

जीप आली. हॉर्न वाजला, तरी कोणी लगेच चढलं नाही.

अमृतराव उठले. पाट उचलून राणीच्या मागच्या बाजूला नेला, तिथे बसले आणि ते लहानसं पाऊल हातात घेतलं. ते उबदार होतं. अंगठा हलला.

"हलू नको," ते म्हणाले आणि पहिलं नख कापलं.