जोडाच्या शेजारी

दुन्याने पट्टी ताण-चाचणीच्या मशीनच्या दोन्ही जबड्यांत आवळली आणि बाबांना, शिमेंना, मागे व्हायला सांगितलं. ते जागचे हलले नाहीत. पट्टी त्यांनीच वेल्डिंगने जोडलेल्या नळीतून कापलेली होती. तिच्या मधोमध त्यांचा जोड होता, रुंद, भरदार, माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा बसलेला. असा जोड बघायला गोदीत लोक मुद्दाम येत. पण गोदी बंद पडली, आणि रियेकाचं अर्धं बंदर ज्यांना नावाने ओळखत होतं, त्या शिमेंना मुलगी तपासनीस असलेल्या कारखान्यात काम मागावं लागलं.

इथे क्रेनचे लांब हात बनत, चौकोनी पोकळ नळ्यांचे. नळ्यांचं पोलाद पातळ, पण साध्या पोलादाच्या दुप्पट ताण घेणारं. मालक ग्रासियानने आधीच बजावलं होतं, चाचणीत बसले तर शिमे क्रेनच्या कामावर, नाहीतर पेन्शन सुरू होईपर्यंत मागच्या शेडमध्ये फाटकं आणि कठडे.

मशीन ओढू लागलं. पट्टी एका जागी बारीक झाली आणि ताणाच्या हव्या त्या आकड्याच्या बऱ्याच अलीकडे फाडकन तुटली. शिमेंनी दोन्ही तुकडे उचलले, जोडावरून अंगठा फिरवला आणि हसले.

"बघ. जोडाला ओरखडासुद्धा नाही."

"जोड टिकला, बाबा. त्याच्या शेजारचं पोलाद गेलं."

"मग नापास पोलादाला कर. मला कशाला?"

दुन्या हे बोलणं आठवडाभर टाळत आली होती. आता इलाज नव्हता. तिने सांगितलं की या पोलादाची ताकद रोलिंग मिलमध्ये त्याला ठरावीक तऱ्हेने लाटून, थंड करून आणलेली असते. जोडताना आच एका जागी रेंगाळली की जोडालगतचा पट्टा मऊ पडतो. डोळ्यांना काही दिसत नाही, पण ताण आला की तिथेच तुटतं. हात भरभर चालवायचा, थर पातळ द्यायचे, मधे निवू द्यायचं.

शिमेंनी दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले.

"म्हणजे मी जितकं मन लावून करतो, तितकं ते बिघडतं?"

"हो," दुन्या म्हणाली. हे आपल्याच तोंडून बाहेर पडावं याचं तिला फार वाईट वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत शिमेंनी पाव-सार्डिनचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. शेजारी बसलेल्या वेल्डर लोव्रेने विचारलं, पोलादाने तुम्हाला चीत केलं म्हणे? पोलाद तरुण आहे, त्याला दम नाही, असं म्हणून शिमेंनी लोकांना हसवलं. स्वतः मात्र हसले नाहीत.

दुपारी त्यांनी दुसरी नळी घेतली. हात झपाझप चालवला, थर दिला की पाठीमागे हात बांधून लांब उभे राहिले, नळी निवल्यावरच परत वाकले. जोड बारीक झाला, कुणाही नवशिक्याचा वाटावा असा. दुसऱ्या दिवशी दुन्याने त्याची पट्टी ओढली. तीही शेवटी तुटलीच, पण हवा तो आकडा ओलांडून.

पास झालेल्या नळीवर वेल्डरने स्वतःची खूण करायची असे. गोदीत शिमे छोटा नांगर छिन्नीने ठोकून उमटवत. या पोलादाला तसा घाव चालत नाही, तिथून चीर जाते, म्हणून इथे पांढऱ्या रंगाचं पेन होतं. दुन्याने ते त्यांच्या हातात दिलं आणि ग्रासियानला निकाल सांगायला गेली.

परत आली तेव्हा बाबा नव्हते. नळी कोरीच होती. पेन उघडं पडलं होतं आणि कालचे तुटके तुकडे टेबलावर नीट जुळवून ठेवलेले होते. त्यांतल्या जोडाखाली नांगर काढलेला होता. रंग अजून ओला होता.

नळी आणि पेन घेऊन ती त्यांच्या जागेवर गेली. शिमे वेल्डिंग मशीनचा करंट कमी करत होते.

"खूण चुकीच्या तुकड्यावर केलीत, बाबा."

"नाही, बरोबर केली." त्यांनी हात पुढे केला. "आण, हिच्यावरही करतो. कामावर तर राहायचंय." त्यांनी घाईने नांगर काढला आणि पेनाला टोपण लावलं.

"ते तुकडे भंगारात जाणार ना?" शिमेंनी विचारलं.

नियमाने जायलाच हवे होते.

"नाही," दुन्या म्हणाली.