दाजींच्या हातची भिंत

"सांग ना रे भीमराज, जाळी उलटी लावली होती की नाही?" चंद्रप्रकाश शेठने तिसऱ्यांदा विचारलं.

मुलुंडच्या त्या टॉवरच्या सहाव्या मजल्यावर नमुन्याचा फ्लॅट होता आणि त्यात चार माणसं एका गळालेल्या भिंतीसमोर उभी होती. भिंत कसली, लोखंडी पत्र्याची हलकी चौकट, तिच्यावर ठोकलेली जाळी आणि जाळीवर मारलेलं प्लास्टर. जाळी शेठच्या कारखान्याची. ती शोधून काढली होती तिथेच कामाला असलेल्या भीमराजने. प्लास्टर मारलं होतं भाऊराव म्हस्के नावाच्या गवंड्याने. आदल्या संध्याकाळी थापी पुसून भाऊराव घरी गेला तेव्हा भिंत आरशासारखी होती. सकाळी कुलूप काढलं तर अर्धा माल लादीवर.

बिल्डरची इंजिनियर अपूर्वा राणे हातात वही घेऊन थांबली होती. ठेकेदाराचा सुपरवायझर नितेश तोंडात गुटखा धरून म्हणाला, "मॅडम, म्हातारा झालाय तो. हाताला जोर नाही. मी आधीच बोललो होतो."

भीमराज पुढे झाला आणि त्याने जाळीवर हात ठेवला. खरं तर हात ठेवायची गरज नव्हती. आत शिरल्या शिरल्या त्याला कळलं होतं. एक वीतभर आडवा पट्टा माल घट्ट धरून होता. त्याच्या खालचा पट्टा नागडा. पुन्हा एक धरलेला, पुन्हा एक नागडा. थकलेल्या हाताचा माल असा फुटपट्टीने आखल्यासारखा गळत नाही. त्याने तळवा वर सरकवला. धरलेल्या पट्ट्यावरून तो गुळगुळीत गेला. नागड्या पट्ट्यावर कातडीला पत्रा टोचला.

पत्रा चिरून ताणला की जाळीच्या काड्या चपट्या पाकळ्यांसारख्या तिरक्या होतात. पाकळीचं बाहेरचं टोक वर असेल तर ती ओंजळीसारखी माल धरते. खाली असेल तर घसरगुंडी. या जाळीत निम्म्या पाकळ्या ओंजळी होत्या आणि निम्म्या घसरगुंड्या, आणि ते भीमराजने स्वतः, डोकं लावून, दोन वर्षं खपून केलं होतं. ही जाळी कशीही लावा, निम्मी उलटीच असणार होती.

"उलटीच दिसतेय," भीमराज म्हणाला.

म्हणाला, बस्स. त्याला कुणी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. नितेशने रिपोर्टात 'गवंड्याची चूक' असं लिहिलं, साक्षीदार म्हणून खाली भीमराजने सही केली, आणि सही करताना त्याचा हात जरासुद्धा थरथरला नाही. याचीच त्याला नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली.

कारण भाऊराव म्हस्के म्हणजे त्याचे दाजी. थोरल्या बहिणीचा, सुंदराअक्काचा नवरा. जालन्याहून दहावी नापास भीमराजला ज्यांनी मुंबईत आणलं, घाटकोपरच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा वर्षं आपल्या ताटाशेजारी जेवायला बसवलं, ते दाजी. कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला लावलं तेही त्यांनीच, शेठच्या बापाच्या हातापाया पडून.

आणि जाळीची गोष्टही त्यांच्यापासूनच सुरू झाली होती. दाजी एकदा जेवताना म्हणाले होते, "तुमची जाळी म्हणजे झोळी आहे रं. थापी दाबली की मधे पोट काढती. अर्धा माल त्या पोटातच जातो. भिंत जड, गवंडी हैराण."

जाड पत्रा घेतला असता तर पोट निघालं नसतं, पण जाळी जड झाली असती. भीमराजच्या डोक्यात ते बसलं. पातळ पत्रा, पण ताठ. जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठे तो घरी दुमडत बसायचा. बायको दर्शना म्हणायची, "पोरांच्या शाळेचा प्रोजेक्ट करताय की काय?" शेवटी दर वीतभर अंतरावर पत्र्याला एक बरगडी दाबायची, हे त्याला सुचलं. पत्रा ताठ झाला, पण दुसरंच दुखणं निघालं. ताणला की सगळा एका अंगाला गुंडाळला जायचा, पापडासारखा. मग त्याने दुसरी डाय, म्हणजे पत्रा चिरायचा साचा, बनवली आणि एक पट्टा सोडून एक, पाकळ्या उलट्या वळवल्या. दोन बाजूंच्या ओढी एकमेकींना मारतात आणि पत्रा सपाट राहतो. त्या दिवशी दोन लाकडांवर जाळी आडवी टाकून त्याने तिच्यावर आठ विटा ठेवल्या. जाळी हलली नाही. सगळा कारखाना बघायला आला.

लोखंडाच्या माणसाने लोखंडाची परीक्षा घेतली होती. आडवी घेतली, विटांनी घेतली. उभी करून ओला माल लावून बघावं, एवढं साधं त्याच्या डोक्यात आलं नाही.

शेठने कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढून घेतलं. कोपऱ्यात छापलं, 'डिझाइन : बी. हिवाळे'. त्याची एक प्रत अक्काच्या घरी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली लागली. येईल त्याला अक्का सांगायची, "माझ्या भावानं काढली. इंजिनियर नाही, तरी काढली." ते नाव पुसलं जाईल, या भीतीने तो खोटं बोलला होता. आणखी काही नाही. कागदाच्या कोपऱ्यातली दोन इंच जागा.

तरी एवढंच असतं तर माणसाने कसंतरी गिळलं असतं. पण भिंतीला जाळी ठोकण्याआधी दाजींनी हातातला हातोडा थांबवून विचारलं होतं, "भीम्या, हिची वरची बाजू कुठली?"

भीमराज हसला होता. नितेशसमोर, दोन हेल्परांसमोर. "दाजी, ही जुनी जाळी नाय आता. हिला वर-खाली काय नसतं. कशीही लावा."

*

रविवारी अक्काचा फोन आला म्हणून तो घाटकोपरला गेला. दाजी दारात ताटलीत रेती घेऊन बसले होते. बोटांनी रेती पसरत होते, डोळ्याजवळ नेऊन बघत होते.

"ये. बस. ही बघ, त्याच साईटवरची हाय. पिशवीतून आणली. माती वाटती का तुला हिच्यात?"

"नाही, दाजी."

"मलाबी नाय वाटत." त्यांनी ताटली खाली ठेवली. "पाणी मीच घातलं. सिमेंट ताजं होतं, गोणीवरची तारीख वाचली मी. मग कसं रं? चाळीस वर्षांत माझ्या हातचं एक छत गळलं नाय. आणि ही तर भिंत."

आतून अक्का म्हणाली, "रात्रभर हेच चाललंय. झोपेत हात फिरवतात भिंतीवर. तू सांग रे समजावून. तू होतास ना तिथं?"

"होतो."

"मग काय म्हणाले साहेब लोक?"

भीमराज चपलेकडे बघत म्हणाला, "नक्की सांगता येत नाही म्हणाले."

"त्यो नितेश तर नक्की सांगत फिरतोय," दाजी म्हणाले. "विक्रोळीचं काम होतं, तिथला मुकादम फोन उचलेना. काल मजुरांच्या नाक्यावर उभा राहिलो, तर पोरं म्हणत्यात, काका, तुमची भिंत चालत खाली आली म्हणं." ते हसले. हसता हसता त्यांनी उजवा हात उलटासुलटा करून पाहिला, दुकानात परत करायची वस्तू बघावी तसा. "माणसाचा हात असा एका दिवसात जातो व्हय रं, भीम्या?"

आता सांगावं, असं भीमराजला वाटलं. तोंड उघडलंही. तेवढ्यात अक्काने ताट पुढे ठेवलं, मटणाचं. त्याच्यासाठी मुद्दाम केलेलं. तो जेवला. दोन भाकऱ्या खाल्ल्या. रस्सा मागून घेतला. नालायक माणसालाही भूक लागतेच.

*

सोमवारी तो तासभर आधी कारखान्यात गेला आणि त्याने डाय उतरवली. सगळ्या पाकळ्या एकाच अंगाला वळवल्या. गुंडाळला जाणारा पत्रा आवरायला बरगडी सूतभर खोल केली. चार दिवस लागले. कुणाला काही बोलला नाही. जाळी हलकी राहिली, ताठही राहिली, आणि या वेळी त्याने कारखान्याच्या मागे एक तुकडा उभा करून त्याच्यावर स्वतः ओला गिलावा फासला. टिकला. त्याला वाटलं, सुटलो. भिंत उभी राहिली की जुनं सगळं लोक विसरतील.

दुसऱ्या वेळी नितेशने मालाडचा एक गवंडी आणला. जाळीच्या कडेला वरच्या बाजूचा बाण भीमराजने स्वतः खडूने काढून दिला. भिंत उभी राहिली. दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस. अपूर्वाने लाकडी ठोकळा मारून पाहिला. शेठने पेढे आणले.

"बघा मॅडम," नितेश म्हणाला, "गवंडी बदलला, भिंत उभी. जाळी तीच. आता तर सिद्ध झालं ना?"

अपूर्वाने वहीतून मान वर केली. "जाळी तीच आहे ना, भीमराज? काही बदल?"

पेढा भीमराजच्या टाळूला चिकटला. ही उभी राहिलेली भिंतच आता दाजींच्या विरुद्ध साक्ष देत होती. पहिल्या वेळी नुसता संशय होता. आज त्याने आपल्या हाताने त्याचा पुरावा करून दिला होता.

"तीच आहे, मॅडम."

ती लिहायला लागली, तेवढ्यात दारातून आवाज आला, "आत येऊ का?"

दाजी होते. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, पायात लग्नाकार्याच्या चपला. वॉचमनला विनवण्या करून सहा मजले चढून आले होते. कुणाला नमस्कार करावा हे न कळून त्यांनी सगळ्यांनाच केला.

"सुंदरा म्हणाली, भिंत राहिली. म्हटलं, एकदा बघून यावं." ते भिंतीजवळ गेले. आधी लांबून, मग कड बघून, मग बोटाच्या पेराने वाजवून त्यांनी ती पाहिली. "झकास मारलीय. कोण गवंडी? चांगला हात आहे पोराचा." मग भीमराजच्या खांद्यावर थोपटत म्हणाले, "तुझी जाळी बरोबर होती, लेका. माझाच हात गेला. मी उगाच रेतीवर संशय घेत बसलो. आता नाक्यावर नाय जात. भांडुपला वॉचमनची जागा हाय म्हणत्यात, ती धरतो."

नितेश म्हणाला, "बरोबर केलंत काका. वय झालं की सोडावं माणसाने."

दाजी मान हलवून "व्हय, व्हय" म्हणत राहिले.

ते "व्हय" भीमराजला सोसवलं नाही. तो म्हणाला, "जाळी ती नाहीये."

"काय?" अपूर्वा म्हणाली.

"ही दुसरी आहे. पहिलीत निम्म्या पाकळ्या उलट्या होत्या. माझी चूक. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी डाय बदलली आणि बोललो नाही. यांचं काम शंभर टक्के बरोबर होतं."

"पागल हो गया है क्या?" शेठ ओरडला. "थकलाय तो, मॅडम. बकतोय काहीही."

"हात लावून बघा, मॅडम. जुन्याचा तुकडा माझ्या पिशवीत आहे." तो तुकडा आठ दिवस त्याच्या पिशवीत होता. फेकायला नेला होता, फेकवला नव्हता.

अपूर्वाने तुकडा घेतला, तळवा फिरवला, एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर. तिचा चेहरा उतरला. "आणि तुम्ही सही केलीत?"

भीमराज दाजींकडे बघत होता. दाजींनी शिव्या द्याव्यात, कानाखाली काढावी, असं त्याला मनापासून वाटत होतं.

दाजी म्हणाले, "मी इचारलं होतं ना रं, वरची बाजू कुठली?"

"हो."

"कशीबी लावा म्हणालास."

"हो, दाजी."

"मग रविवारी जेवायला आलास, तवा तुला ठावं होतं."

"हो."

"बरं," दाजी म्हणाले, आणि पायऱ्या उतरून गेले.

*

अपूर्वाने दोन्ही रिपोर्ट रद्द केले. तिसरी भिंत उभी करायची, नव्या जाळीवर, आणि पहिल्याच गवंड्याच्या हातून, असं तिने लिहून दिलं. नितेशने तोंड वाकडं करून घाटकोपरला फोन लावला. शेठने भीमराजला डायवरून काढून गठ्ठे बांधायला बसवलं. ड्रॉइंग नवीन छापलं, त्याच्या कोपऱ्यात नाव शेठच्या भाच्याचं. भीमराज कुठल्या तोंडाने बोलणार?

जाळीचे गठ्ठे घेऊन त्यालाच साईटवर पाठवलं. दाजी जुन्या बनियनवर, डोक्याला फडकं बांधून तयार होते. त्यांनी जाळी ठोकली, पहिला हात मारला, खरवडला, दुसऱ्या दिवशी दुसरा मारला. पट्टी फिरवताना त्यांच्या मनगटातून सुटणारा तो एकसारखा सरर आवाज खोलीभर होता. भीमराजने पाणी पुढे केलं तर घेतलं. घमेलं उचललं तर "ठेव तिथं" म्हणाले. एवढंच. घरची, अक्काची, कशाचीच विचारपूस नाही.

काम संपल्यावर भीमराज म्हणाला, "दाजी, सात दिवस पाणी मी मारतो. मला कारखाना जवळ आहे. तुम्ही कुठे घाटकोपरहून येताय रोज."

दाजी थापी धूत होते. ऐकलं की नाही ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी, आठ वाजता, भीमराज पाण्याची नळी घेऊन सहाव्या मजल्यावर चढला. भिंत वरपासून खालपर्यंत ओली होती. कोपऱ्यातून पाणी निथळत होतं.

"बुढ्ढा पहिल्या बसने आला होता," वॉचमन म्हणाला. "पाणी मारलं, गेला."

पुढच्या दिवशी तो साडेसातला गेला. भिंत ओली. मग सातला. ओली.

रविवारी साईट बंद होती. त्या दिवशी तरी, म्हणून तो सहाला निघाला. वॉचमनने डोळे चोळत फाटक उघडलं. सहाव्या मजल्यावर खिडकीतून नुकतं उजाडत होतं. भिंत ओलीच होती, लादीवरचं पाणी फडक्याने टिपून घेतलेलं होतं, आणि ते फडकं पिळून, झटकून, खिडकीच्या गजावर वाळत घातलेलं होतं.

भीमराज हातातली कोरडी नळी गुंडाळत तिथे उभा राहिला.