रंगवलेला तडा

मित्रांनो, मला हात लावण्याआधी जरा लांबूनच बघा. मी गवत कापण्याच्या यंत्राचे एक जुने पाते आहे. मूळचा तीन दातांचा, आता दोनच उरले आहेत. तिसरा कसा गेला, तेच सांगतो.

पोलादाच्या जाड पत्र्यातून मला कापले, भट्टीत लालबुंद होईपर्यंत तापवले आणि तेलात बुडवले. तेव्हा मी जो कडक झालो तो झालोच. पुढे जहाजातून सामोआत, सवाई बेटावर आलो आणि सालेलोलोगाच्या बाजारात एका दुकानात खिळ्याला लटकलो. शेजारी करवतीसारखे बारीक दात असलेले एक गोल पाते होते, आणि नायलॉनच्या दोरीची गुंडाळी.

एके दिवशी सिएनी दुकानात आली. पन्नाशीची, उंच बाई. तिची नजर अशी की उजेडात नोट धरून पाहावी तसे ती माणसाकडे पाही. दुकानदाराने तिच्यापुढे गोल पाते ठेवले.

"हे घ्या बाई, सगळ्यात भारी. दात बघा किती!"

"दात मोजून काय करू? मला काय नारळीची बाग तोडायची आहे? हे झुडपांच्या खोडांना. माझ्याकडे उंच गवत आहे, तुझं विकलं जात नाही म्हणून माझ्या गळ्यात मारू नकोस."

मग तिने मला उतरवले. माझे मधले भोक आपल्या यंत्राच्या दांड्याला बसते का, ते सोबत आणलेली जुनी चकती लावून पाहिले. नायलॉनची दोरीही घेतली, घरापुढच्या पूर्वजांच्या थडग्यांच्या आणि भिंतींच्या कडेला वापरायला. मला वाटले, बरे झाले, माझ्यासारखीच कुणावर विश्वास न ठेवणारी मालकीण मिळाली.

कारण मित्रांनो, मलाही संशयाची खोड आहे. काटेरी झुडूप समोरून चावते, त्याचे काही नाही. मऊ, हिरव्यागार, लवलवत्या गवताची मला भीती वाटते. आमच्या बेटावर त्याच्या बुडाशी ज्वालामुखीचा काळा दगड दबा धरून बसलेला असतो.

यंत्र चालवी सिएनीचा नवरा वाइतोआ. पाठीचा रुंद, मनाचा भाबडा. काम झाले की तो मला पाण्याने धुई, चिकट रस पुसून तेलाचा हात फिरवी. धार मात्र सिएनीच लावी, कानशीने, तिन्ही दातांना सारखी. एका दाताला जास्त घासले तर माझा तोल जातो, मग यंत्र थरथरते आणि नटही ढिला होतो. ग्राइंडरला ती मला लावू देत नसे. "तापून निळं पडलं की पोलाद मेलं," ती म्हणे. कामावर जोडण्याआधी ती मला बोटावर लटकवून बोल्टने हलकेच ठोकी. मी खणखणीत वाजलो तरच पुढे.

वाइतोआ हसे. "तुझा संशय बघून आपला कुत्रासुद्धा चोरासारखा चालायला लागलाय."

गावात माझे कौतुक होते. चर्चचे अंगण कापून झाले की बाया म्हणत, "चटई अंथरल्यासारखं दिसतंय." खोटे कशाला सांगू, मीही फुगत असे.

मग एकदा तोएतूने मला नेले. तोएतू सिएनीचा चुलतभाऊ, हसरा आणि घाईचा माणूस. तारोच्या, म्हणजे अळूच्या कंदांच्या, शेतात त्याने यंत्र मोकाट फिरवले आणि मी दगडावर आदळलो. एका दाताच्या मुळाशी केसाएवढा तडा गेला. तोएतू घाबरला. बहिणीची वस्तू बिघडवली हे तोंडाने सांगायची त्याला लाज वाटली. त्याने मला ओळखीच्या गॅरेजात नेले, तड्यावर वेल्डिंग मारले, वरून घासले आणि काळा रंग फासला. डागाच्या आजूबाजूचे पोलाद भाजून नासले होते. मला ते कळत होते, पण सांगणार कसे?

तो मला परत द्यायला आला तेव्हा गावात मुलांच्या रविवारची, म्हणजे चर्चमधल्या पोरांच्या सणाची, तयारी चालली होती. सगळी पोरे चर्चच्या अंगणात गाण्यांचा सराव करत होती, आणि वाइतोआ त्याच अंगणाच्या कडेचे गवत कापायला निघाला होता.

सिएनीने मला उलटेपालटे केले. "हे आपलं पातं नव्हे."

"ताई, असं काय बोलतेस?"

"उसनी वस्तू इतकी चकाचक करून कोण परत देतं? आमचं विकलंस आणि हे कुठून तरी उचलून आणलंस ना?"

"अगं, पुरे!" वाइतोआ ओशाळला. "भाऊ आहे तुझा. दे इकडे, पोरं जेवायला जायच्या आत कापून टाकतो."

"पोरं तिथंच आहेत?"

"आहेत. लांब आहेत."

तिने मला बोटावर लटकवले आणि ठोकले. मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने वाजलो, पण आवाज निघाला ठप्प, ओल्या लाकडासारखा. तिने तोएतूकडे पाहिले. आमच्याकडे भाऊ बहिणीच्या नजरेला नजर देऊन खोटे बोलत नाही. तोएतूने मान खाली घातली.

तिने कानस घेऊन रंग खरवडला. खालून वेल्डिंगची पुळी उघडी पडली.

"आपलंच आहे," ती हळूच म्हणाली. तिचा संशय चुकला होता, आणि तरी तो खरा ठरला होता.

"ताई, वेल्डिंग पक्कं आहे. त्या गॅरेजवाल्यानं छातीठोक सांगितलंय."

"मग हातोडा घे, आणि मार."

तोएतूने मला दगडावर आडवे ठेवले आणि एकच घाव घातला, तोही फार जोराचा नव्हे. माझा दात तुटून त्याच्या पायाशी पडला.

चर्चकडून पोरांचे गाणे ऐकू येत होते. वाइतोआ खाली बसला. यंत्राच्या वेगात तो दात सुटला असता तर कुठे गेला असता, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"खरं सांगितलं असतंस तर मी रागावले असते," सिएनी म्हणाली, "संध्याकाळपर्यंत. मग तुला जेवायला वाढलं असतं."

तोएतूने कोयता उचलला आणि वाकून चर्चच्या कडेचे सगळे गवत हाताने कापले. उन्हे कलल्यावर सिएनी त्याच्यासाठी शहाळे घेऊन गेली. त्याचे पिऊन होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

मला तिने पुन्हा कुणी वापरू नये म्हणून मोडीत टाकले. माझी तक्रार नाही. मित्रांनो, आम्हा पात्यांची एवढीच विनवणी आहे. आम्हाला धुवा, पुसा, तिन्ही दातांना सारखी धार लावा, आणि आमच्यावर रोज संशय घ्या. आम्हाला राग येत नाही. तडा गेला तर ओरडून सांगा, शिव्या खा, आम्हाला फेकून द्या. फक्त रंगवू नका.