सारजाचा दाखला

"कधी वारल्या त्या?" तलाठ्यानं कागदावरून मान वर न करता विचारलं.

"आमच्यासाठी नव्वद सालीच मेली," रामहरी म्हणाला.

"तसं चालत नाय, काका. खरंच वारल्या असतील तर दाखला आणा. दाखल्यावर तारीख असती. मागं लेकरं असतील तर त्यांची नावं लागतेल. आन् जित्या असतील तर त्यांनाच घेऊन या. हक्क सोडायचा का ठेवायचा, ते त्या सांगतेल."

पिशोरची अडीच एकर जमीन रामहरीची आई बानाबाई हिच्या नावावर होती. मार्गशीर्षात बानाबाई गेली. वारस दोनच, रामहरी आणि त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी सारजा. अर्जात रामहरीनं एकच नाव लिहिलं होतं, पण गावातल्या कुणीतरी तलाठ्याला दुसरं सांगितलं.

सारजा बाविसाव्या वर्षी घरातून गेली. कापसाच्या ट्रकवर आदिनाथ नावाचा ड्रायव्हर यायचा, जातीबाहेरचा. त्याच्यासोबत गेली. तिसऱ्या दिवशी बापानं सगळ्या घराला नदीवर नेलं आणि तिच्या नावानं अंघोळ केली. बानाबाईलाही पाण्यात उतरवलं. रामहरी तेव्हा वीस वर्षांचा होता. त्यानं काही विचारलं नाही, डुबकी मारली आणि ओल्या अंगानं सगळ्यांच्या पुढं घरी आला.

पुढं तो वाळूजला एका कंपनीत मेंटेनन्सला लागला. तीस वर्षं पंप आणि कॉम्प्रेसर दुरुस्त केले. बाप वारला त्याच्या पंधराव्या दिवशी गेटवरून वॉचमनचा फोन आला होता. "एक बाई आलीय, बहीण म्हनती." रामहरी म्हणाला, "सुट्टीवर हाये म्हनून सांग." कॅन्टीनच्या खिडकीतून त्यानं पाहिलं. पोपटी लुगडं, हाताला धरलेली पाच-सहा वर्षांची पोरगी. वॉचमन बोलला तशा त्या दोघी फाटकाशी थोडा वेळ थांबल्या आणि गेल्या. ही गोष्ट त्यानं बायकोलाही कधी सांगितली नाही.

आता शोधायचं तर सुरुवात कुठून, हा प्रश्न नव्हता. आदिनाथ पुढं शहरातल्या शहागंजात प्लास्टिकच्या सामानाच्या एका होलसेल दुकानाचा टेम्पो चालवायचा, हे पिशोरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी रामहरीसमोर बोलत नसे, इतकंच.

दुकान सापडलं. गल्ल्यावर मेहंदी लावलेल्या दाढीचे एक म्हातारे गृहस्थ बसले होते.

"आदिनाथ? वो तो गुजर गया, मियाँ. चार साल हो गए."

"उनकी बायको?"

"भाभी तो उससे भी पहले गई." म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम कौन?"

"गाव के," रामहरी म्हणाला.

"तारीख पूछोगे तो याद नईं मेरे को. उस दिन मैंने दुकान बंद रखी थी, इत्ता याद है. बेटी है ना उनकी, रांजणगाव में. ईद को आती है, शीरखुर्मा ले जाती है." त्यांनी नोकराकडून पत्ता लिहवून दिला.

रांजणगाव. रामहरी बजाजनगरात राहत होता. मधे जेमतेम दोन किलोमीटर.

रविवार धरायचा म्हणत तीन रविवार गेले. शेवटी एका मंगळवारी सुट्टी टाकून तो दुपारी मोटारसायकलवर गेला. दोन खोल्यांचं घर, दारात तुळशीऐवजी कढीपत्ता. अंगात कंपनीचा निळा शर्ट घातलेली एक पोरगी केस बांधत बाहेर आली. कपाळ सारजाचं होतं.

"प्रांजली तूच का? मी रामहरी. पिशोरचा."

तिचे हात केसांतच थांबले. मग तिनं रबर लावलं आणि म्हणाली, "या. माझी सेकंड शिफ्ट आहे, पण पाऊण तास आहे अजून."

तिनं पाणी दिलं, चहा ठेवला. त्यानं कामाचं सांगितलं. जमीन, तलाठी, दाखला. तिनं कपाटातून फाइल काढून दाखला त्याच्या हातात ठेवला. नऊ ऑगस्ट दोन हजार अठरा. रामहरीनं तारीख दोनदा वाचली. त्या दिवशी आपण काय करत होतो ते आठवून पाहिलं. काही आठवलं नाही. कामावरच असणार.

"काय झालं व्हतं?"

"किडनी. आठ दिवस ॲडमिट होती. आजी होती ना सोबत."

"कोण आजी?"

प्रांजलीनं कपात चहा ओतला. "तुमची आई. बानाआजी. ती तर यायचीच आमच्याकडं, मी दहावीत होते तेव्हापासून. तुमच्याकडं राहायला आली की यायची. डोळे तपासायला जाते म्हणून सांगायची घरी."

रामहरीनं कप उचलला नाही. आईला तो स्वतःच मोटारसायकलवर रांजणगाव फाट्यावर सोडायचा. दवाखान्याच्या पायरीपर्यंत येतो म्हटलं की ती म्हणायची, तू जाय ड्युटीला, मी येते रिक्षानं. डोळ्याच्या थेंबांची बाटली दर वेळी नवी असायची. म्हातारी हुशार होती.

"दवाखान्यात आजी आईला म्हणाली होती, रामहरीला बोलावू का," प्रांजली म्हणाली. आवाजात राग नव्हता. झालेलं सांगावं तसं सांगत होती. "आई म्हणाली, नको. त्यानं एकदा अंघोळ केलीय माझ्या नावानं. दोन दोन बार कशाला त्रास."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. रामहरीला गेटवरची गोष्ट सांगायची होती. शब्द तोंडापर्यंत आले आणि त्यानं चहा पिऊन टाकला.

"सही कुठं करू?" प्रांजलीनं विचारलं. त्याच्या पिशवीतून डोकावणारा हक्कसोडीचा मसुदा तिनं आल्याआल्याच पाहिला असावा. "मला जमीन नको. पप्पा म्हणायचे, आपल्याला कुणाचं काही नको."

रामहरीनं मसुदा पिशवीत खाली दाबला. "सही नको. आधारकार्डाची झेरॉक्स दे. आन् दाखल्याची."

"कशाला?"

"नाव लावायला. तुझं."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग फाइलीतून आधारकार्ड काढून तिनं दाखल्याबरोबर बॅगेत ठेवलं. घड्याळ बघून तिनं बॅग खांद्याला लावली, कुलूप घातलं. "कोपऱ्यावर आहे दुकान. चला."

दोघं गल्लीतून चालत गेले. ती पुढं, तो दोन पावलं मागं. झेरॉक्सवाल्या बाईनं दाखला काचेवर ठेवला, झाकण लावलं आणि रामहरीकडे बोट करून हसत विचारलं, "पाहुणे का गं प्रांजली? कोण?"

प्रांजलीनं आधारकार्डही तिच्या हातात दिलं.

"आईच्या गावचे आहेत," ती म्हणाली.

"व्हय," रामहरी म्हणाला, "पिशोरचा."

चौकात कंपनीची बस येऊन थांबली होती. प्रांजलीनं मूळ कागद बॅगेत ठेवले, "येते" म्हणाली आणि धावत जाऊन चढली. बस वळली तरी रामहरी दुकानापुढंच उभा होता. हातातले कागद अजून गरम होते. घडी पडू नये म्हणून त्यानं ते पिशवीत न टाकता छातीशी धरले आणि मोटारसायकल प्रांजलीच्या दारातच ठेवून तो चालत घराकडे निघाला.