गाठोडी आणि गाडीचा दर

दर कसा ठरतो हे मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, पण मला स्वतःला ते नीट समजलं अठ्ठावन्न साली, कॉटन ग्रीनपलीकडच्या एका धक्क्यावर.

लालबागला आमच्या शेजारच्या खोलीत कोंडीराम राहायचा. गिरणीत फिटर होता. त्याची आई जाईबाई मोरीत घसरून पडली, खुबा मोडला, आणि सात महिने ती आडवीच होती. तिला मालवणाकडे स्वतःच्या घरी जायचं होतं. एसटीत बसवणार कशी? मग कोंडीरामने पाव वाटायची एक जुनी मोटारगाडी भंगारातून उचलली आणि सुट्टीच्या दिवशी खपून तिचं घर केलं. आत घडीची फळी, तिच्यावर गादी. कोपऱ्यात स्टोव्ह, तो हलू नये म्हणून खाली लोखंडी कडं. पाण्याच्या पिंपाला नळसुद्धा. त्याच्या बायकोने, कौसल्याने, खिडकीला पडदा शिवला. असं घर चाळीत कुणी पाहिलं नव्हतं.

निघायच्या दिवशी मात्र आमच्याकडची जुनी रीत आडवी आली. गावी जाणाऱ्याच्या हाती प्रत्येक घर काहीतरी देतं, आणि जाणारा नाही म्हणत नाही. रखमाने बापासाठी औषधाच्या बाटल्या दिल्या, दगडूने भावासाठी चपला दिल्या. रघूने मराठी राज्य मागणाऱ्या समितीच्या पत्रकांचा गठ्ठा आणला. बघता बघता फळीखाली बावीस गाठोडी झाली. पलीकडच्या धक्क्यापर्यंत सोबत म्हणून मीही निघालो.

धक्क्यावर गाड्या पाण्यापलीकडे नेणारी तर, म्हणजे मोठी सपाट नाव, लागली होती. दुपारच्या भरतीला ती सुटणार होती. तिथला कारकून हेरंब, चष्म्याला दोरा बांधलेला, आमची नावं-कामं लिहून घेऊन गाडीभोवती दोनदा फिरला.

"हे काय आहे म्हणायचं?"

"घर," कोंडीराम म्हणाला.

"दराच्या फलकावर मोटार आहे, लॉरी आहे, बैलगाडी आहे. घर नाही."

मला वाटलं, आता हा जास्तीचा दर लावून मोकळा होईल. पण त्याने गाठी मारलेली दोरी काढली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "धरा, मास्तर. तीन गाठींच्या आत मोटार, बाहेर लॉरी. तरीवर जितकी जागा अडते तितकं मोजायचं." तिसऱ्या गाठीला वीतभर कमी भरलं. मग त्याने टायर दाबून पाहिले. "वजनही बेताचं आहे. आता तिसरं. आत माणूस आहे की माल?"

त्याने दार उघडलं. जाईबाईने मान वळवली.

"मी माल नाय रे बाबा. हाडांची मोळी आसंय, पण माल नाय."

हेरंब हसला. मग त्याची नजर फळीखाली गेली. "ही गाठोडी कुणाची?"

कोंडीरामला खोटं बोलता येत नसे. "चाळीची."

"म्हणजे दुसऱ्यांचा माल. मग ही लॉरी झाली, फिटर. लॉऱ्यांची खेप सोमवारी. आणि त्या खेपेला गाडीत माणूस बसवत नाहीत."

दर तिप्पट झाला असता, ते कसंही भागवलं असतं. पण सोमवारच्या खेपेत आईला गाडीत ठेवता येणार नव्हतं, आणि गाडीबाहेर ती बसू शकत नव्हती. कोंडीराम खाली बसला. "गाठोडी इथेच ठेवतो," तो म्हणाला.

"रखमाचा औषध ठेवशीत?" जाईबाई आतून म्हणाली. "मगे माकाच ठेव."

हेरंब तिथून हलला नाही. "हा नियम का आहे सांगू? मालवाले मोटारीच्या दरात माल नेतील, आणि पायी जाणाऱ्याला जागा उरणार नाही. पायी जाणाऱ्याला मात्र हातातलं एक ओझं माफ आहे."

कौसल्याने रांगेकडे पाहिलं. पाळी सुटलेले गिरणीवाले, कोळणी, पोरं घेतलेल्या बाया, असे तीसेक जण तरीसाठी उभे होते.

"साहेब, ते ओझं स्वतःचंच हवं?"

हेरंबने चष्मा वर केला, जरा विचार केला. "हातात हवं. एवढंच लिहिलंय."

ती पदर खोचून रांगेकडे गेली. "दादा, पलीकडच्या धक्क्यापर्यंत एवढं न्याल? रखमाच्या बापाचं औषध आहे." रिकाम्या हाताचा एकही माणूस नाही म्हणाला नाही. गावी जाणाऱ्याने गाठोडं नाकारायचं कसं? एका म्हाताऱ्याने उलट म्हटलं, "दुसऱ्या हातात देता येतं का बघ." "एकच माफ आहे, आजोबा," हेरंब तिथून म्हणाला.

पत्रकांचा गठ्ठा मी घेतला. हेरंबने वरचा कागद वाचला, घडी सारखी केली आणि म्हणाला, "मास्तर, भिजवू नका."

मग त्याने गाडीत पुन्हा डोकावून पाहिलं. गादी, स्टोव्ह, पिंप आणि जाईबाई. पावतीवर त्याने 'मोटार' लिहिलं, थांबला, आणि पुढे बारीक अक्षरात 'राहती' असं जोडलं. दर मोटारीचाच घेतला.

त्या दिवशी मी तिघांकडून शिकलो: गाडी बांधणाऱ्याकडून, रांगेत जाणारीकडून, आणि दोरीने मोजताना एक टोक दुसऱ्याच्या हातात देणाऱ्याकडून.

तर सुटली तेव्हा कौसल्याने पडदा बाजूला सारला. बावीस माणसं गाडीभोवती गाठोडी धरून उभी होती, त्यामुळे खिडकीतून काही दिसेना.

"सरका रे जरा," जाईबाई म्हणाली. "माका पाणी बघूंदे."

सगळी माणसं सरकली.