सतरंजीची पहिली आंघोळ

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे आणि माझा जन्म तुरुंगात झाला. लगेच पाय आखडून घेऊ नका. येरवड्याच्या कारागृहात बंदी लोक मागावर सतरंज्या विणतात, त्यांतलीच मी एक. मला विणणाऱ्याचं नाव गेनबा. आत येण्याआधी तो गावच्या भजनात टाळ धरायचा. माग चालवताना सारखा गुणगुणायचा आणि त्याच लयीत विणीवर ठोके द्यायचा. म्हणून माझी वीण तालात बसली आहे, असं मला आपलं वाटतं. निळेपांढरे पट्टे, कडेला किरमिजी काठ आणि लांबी चांगली अठरा हात. शेवटचा दोरा कापताना गेनबा म्हणाला, "जा बाई, तू तरी बाहेर जा. चांगल्या ठिकाणी पड."

त्याचा शब्द देवाने ऐकला. कर्वेनगरातल्या एका लहानशा राममंदिराचे व्यवस्थापक सीतारामपंत स्कूटरवरून मला घेऊन आले, आणि रामरायासमोर, थेट कीर्तनाच्या जागी मी पडले. कीर्तनकार जिथे उभे राहतात त्या जागेला नारदाची गादी म्हणतात. तिथे अंथरलं जाणं म्हणजे आमच्या जातीत राजयोगच समजायचा.

त्या संध्याकाळी आप्पासाहेब बुवांचं कीर्तन होतं. काय सांगू तुम्हाला. पूर्वरंगात त्यांनी एक अभंग घेतला आणि त्यातलं तत्त्व असं सोपं करून सांगितलं की पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनाही पटलं आणि मागे भिंतीला टेकलेल्या प्राध्यापकांनाही. मग बुक्का लागला, हार पडला आणि उत्तररंगात कथा सुरू झाली. हनुमंताच्या शेपटीला आग लागली तेव्हा तर मला माझ्याच काठाची काळजी वाटू लागली. बुवा नाचायचे, झांज वाजायची, आणि त्यांच्या पावलांचा ठेका माझ्या अंगात उतरायचा. पंधरा वर्षं मी ते सुख भोगलं.

आप्पासाहेब देवाघरी गेले आणि त्यांच्या शिष्या दुर्गाबाई गादीवर उभ्या राहू लागल्या. साठी उलटलेल्या, आवाज खणखणीत, माया अपार आणि शिस्त त्याहून अपार. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम घातला. "हिच्यात आप्पासाहेबांच्या पायाची धूळ आहे. हिला झटकायचं नाही, धुवायचं नाही. नीट घडी घालून कोठीत ठेवायची."

तेव्हापासून माझा मान भलताच वाढला. लोक जाता-येता माझ्या काठाला हात लावत आणि तो हात कपाळाला नेत. सीतारामपंतांनी पाटीसुद्धा लावली : 'सतरंजीस नमस्कार करावा. पाय पुसू नयेत. पायपुसणे दाराशी आहे, दिसत नसल्यास चष्मा लावावा.' मी खूश होते. कोठीतला अंधार आणि ओल सोसत होते, पण वर्षानुवर्षं मला ऊन दिसलेलं नाही, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. मानाचा असा एक दोष असतो.

मग आली अपूर्वा. पंचवीस वर्षांची, बँकेत नोकरी करणारी मुलगी. आठवड्यातून तीन दिवस कामावरून थेट मंदिरात यायची आणि माझ्यावर मांडी घालून दुर्गाबाईंकडून कीर्तन शिकायची. गळा असा गोड की सीतारामपंत दिव्यात तेल घालताना हात थांबवून ऐकत. पण एक खोट होती. पंधरा-वीस मिनिटं झाली की तिला शिंका सुरू व्हायच्या, मग खोकला, मग आवाज बसायचा. गोकुळाष्टमीला दुर्गाबाईंनी तिला अर्धा तास कीर्तनाला उभं केलं. कृष्णाला टोपलीत घालून वसुदेव यमुनेपर्यंत आला आणि तिथेच अपूर्वाचा खोकला सुरू झाला. बाळ पलीकडे नेण्याचं काम दुर्गाबाईंना करावं लागलं.

त्या दिवसापासून पथ्यं सुरू झाली. दुर्गाबाईंनी आधी दही बंद केलं. मग केळं, चिंच, लिंबाचं लोणचं, फ्रीजमधलं पाणी. कुणीतरी शेंगदाणे सांगितले, तेही गेले. मुलगी वाळत चालली, खोकला मात्र होता तिथेच राहिला.

"आता फक्त हवा बंद करायची राहिली आहे," सीतारामपंत म्हणाले.

"तुम्ही तुमच्या समया घासा," दुर्गाबाई म्हणाल्या.

माघातच रामनवमीच्या नवरात्राची यादी ठरली. नऊ दिवस नऊ कीर्तनं, आणि पाचव्या दिवसापुढे दुर्गाबाईंनी अपूर्वाचं नाव लिहिलं. पूर्ण कीर्तन, दोन तासांचं. अपूर्वाने त्या नावावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "बाई, या वेळीही आवाज बसला तर झांज तुमच्या स्वाधीन करीन. श्रोता म्हणून येत जाईन. लोकांना मधेच उठवून द्यायचं पाप नको."

दुर्गाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि यादीतलं नाव तसंच ठेवलं.

अपूर्वाची आई शहाणी. ती म्हणाली, अंदाज पुरे झाले, तपासून घेऊ. डॉक्टर शर्मिलांकडे ॲलर्जीची तपासणी ठरली. त्याआधी आठवडाभर शिंकांच्या गोळ्या बंद ठेवायच्या होत्या, तो आठवडा तिने रुमालांवर काढला. तपासणीच्या दिवशी ती दवाखान्यातून थेट मंदिरातच आली, बाही वर सारली आणि हात दुर्गाबाईंपुढे धरला. आतल्या बाजूला निळ्या पेनाने आकडे घातलेले आणि त्यांच्या शेजारी एकेक टोचल्याची खूण.

"अगं, हे काय गोंदवून आलीस?"

"प्रत्येक आकड्याशी एकेका गोष्टीचा थेंब टाकतात बाई, आणि त्यावर सुई नुसती टेकवतात. मग वीस मिनिटं बसायचं, खाजवायचं नाही. ज्याची ॲलर्जी असेल तिथे गांध उठते."

दुर्गाबाईंनी चष्मा चढवला. "यात दही कुठलं?"

"सात नंबर. दूध. दही त्यातच आलं."

"इथे तर काहीच नाही."

"आठ केळं, नऊ शेंगदाणा. तिथेही काही नाही."

"आणि हे अकरा नंबरचं एवढं रुपयाएवढं काय आहे?"

"धुळीतले किडे, बाई. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. गाद्या, उशा, जुनी जाड कापडं यांत राहतात. आपल्या अंगाचा कोंडा झडतो ना, तो खातात. त्यांच्यामुळे मला होतं हे सगळं."

सीतारामपंत समई पुसत होते. ते म्हणाले, "म्हणजे इतके महिने तुम्ही दह्याला कोंडून ठेवलंत, आणि दही निर्दोष सुटलं."

मित्रांनो, तुरुंगात जन्मल्यामुळे निर्दोष सुटणं म्हणजे काय ते मी जाणते. पण एक सुटला की खऱ्या आरोपीचा शोध सुरू होतो, हेही जाणते. माझ्या अंगावर काटा आला.

अपूर्वाच्या घरी आधी साफसफाई झाली. ती मंदिरात रंगवून सांगायची आणि मी कान देऊन ऐकायची. गादीला आणि उशांना चेनवाली खोळ चढली. चादरी दर आठवड्याला कडकडीत पाण्यात धुतल्या जाऊ लागल्या. जाड पडदे उतरले, केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायचं ठरलं. तिच्या लहानपणीचा कापडी हत्ती होता, त्याला पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवलं, म्हणजे किडे मरतात म्हणे. तिची आई मटार काढायला गेली तर समोर हत्तीची सोंड. सगळं घर हसत सुटलं. आणि अपूर्वा पोटभर दहीभात खाऊ लागली, गालांवर पुन्हा रंग आला. घरातला खोकला तीन आठवड्यांत पळाला.

मंदिरात मात्र माझ्यावर बसली की पुन्हा तेच.

एका संध्याकाळी ती माझ्यावर न बसता पलीकडे उघड्या फरशीवर जाऊन बसली. दुर्गाबाई म्हणाल्या, "तिथे का गं? इकडे ये."

अपूर्वा झांजेची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

"बोलून टाक," सीतारामपंत म्हणाले. "नाहीतर मी पाटी लावतो."

मग तिने सांगितलं. सतरंजीवर बसलं की त्रास होतो, फरशीवर बसलं की होत नाही. बाई यायच्या आधी येऊन आठ दिवस पडताळून पाहिलं.

दुर्गाबाईंचा चेहरा उतरला. "आप्पासाहेबांच्या पायाची धूळ आहे ती."

"माहीत आहे, बाई. म्हणून तर गप्प होते."

दुर्गाबाई उठल्या, रामाला नमस्कार केला आणि घरी गेल्या. पाचवं कीर्तन दहा दिवसांवर आलं होतं. कोठीत मी रडले असते, पण सतरंजीला रडता येत नाही. जिच्या गळ्यासाठी मी जीव टाकायची, तिचा गळा मीच आवळत होते. आणि आता एकतर ती जाईल, नाहीतर मी, हे उघड होतं. मी मनोमन म्हटलं, रामा, मला माळ्यावर टाक, पण तिला गाऊ दे.

सकाळी कोठीचं दार उघडलं. दारात दुर्गाबाई, पदर खोचलेला, हातात बादली. मागे अपूर्वा आणि सीतारामपंत.

"बाई, नको," अपूर्वा म्हणाली. "मी फरशीवर उभी राहीन. सतरंजीला हात नका लावू."

"ऐक आधी. घरी गेल्यावर आप्पासाहेबांना आठवत बसले होते. कीर्तनाला आले की आधी काय करायचे? विहिरीपाशी पाय धुवायचे. चार पावलांवर राहत, तरी पाय धुतल्याशिवाय गादीवर चढले नाहीत कधी. आणि त्यांच्या पायांवर पाणी कोण घालायचं? मी. पंधरा वर्षं या हातांनी घातलं." त्या थांबल्या. "धुतलेल्या पायांची धूळ कुठली गं?"

मग सीतारामपंत म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही कपाळाला लावत होतो ती कुणाची?"

"तुमची, माझी, गावाची."

"निम्मी माझीच असणार. मी येताजाता अनवाणी असतो."

दुर्गाबाईंना हसू फुटलं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "मीच धरून बसले होते हो त्यांना या कापडात. ते काय धुळीत राहणारे होते? देवालासुद्धा आपण रोज आंघोळ घालतो. चला, पाणी तापवा."

आणि मित्रांनो, सव्वीस वर्षांनी मी न्हाले. पहिलं पाणी काळं निघालं, दुसरं तांबूस, तिसरं गढूळ, पाचवं स्वच्छ. अपूर्वा नाकाला फडकं बांधून लांबून बादल्या भरून देत होती, तिला जवळ यायला बंदी होती. दोन्ही टोकं धरून पिळताना सीतारामपंतांची कंबर धरली आणि त्यांनी रामापेक्षा माझंच नाव जास्त वेळा घेतलं. मग मला मंदिराच्या गच्चीवर टाकलं. फाल्गुनातलं कडक ऊन धाग्याधाग्यात शिरलं. गेनबाने घातलेला निळा रंग किती निळा होता, ते मीसुद्धा विसरले होते. खालून जाणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "नवीन घेतली वाटतं?"

"नाही," सीतारामपंत म्हणाले, "जुनीच आहे. आज भेटली."

पाचव्या दिवशी संध्याकाळी मंदिर भरलं. डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप पेटीवाल्यांजवळ तयार ठेवला होता, कारण शहाणपण आणि भक्ती एका घरात राहू शकतात. दुर्गाबाई पहिल्या रांगेत माझ्या काठावर बसल्या, हात घट्ट मिटलेले. अपूर्वा पाय धुऊन गादीवर चढली. तिच्या तळव्यांचा ओलावा मला लागला.

वीस मिनिटं झाली. मी श्वास रोखून धरला. तीस मिनिटं झाली. पूर्वरंग संपला, दुर्गाबाईंनी उठून तिला बुक्का लावला, हार घातला. उत्तररंगात तिने नावाड्याची कथा लावली. राम गंगेकाठी येतो आणि नावाडी हात जोडून म्हणतो, महाराज, तुमच्या पायाच्या धुळीने शिळेची बाई झाली असं ऐकतो, माझ्या नावेचं काही झालं तर पोट कसं भरू? आधी पाय धुऊ द्या, मग चढा. अख्खं मंदिर हसलं, आणि हसता हसता बायकांच्या डोळ्यांना पदर लागले. शेवटी तिने रामनामाचा गजर उचलला. स्वर वर गेला, आणखी वर गेला आणि तिथेच ठरला. मोकळा, निर्मळ, एकही ओरखडा नाही. दुर्गाबाईंचे हात उघडले आणि टाळी वाजू लागली. मग सगळं मंदिर टाळ्या वाजवत उभं राहिलं, माझ्यावर शंभर पावलं नाचली आणि दोन तास कसे गेले ते रामालाच ठाऊक.

मित्रांनो, आता मला दर महिन्याला ऊन मिळतं, ओल्या कोठीत कुणी कोंडत नाही. तुम्हाला हात जोडून एवढंच मागते. घरात कुणी खोकत असेल तर त्याच्या ताटातले पदार्थ आपल्या मनाने काढून घेऊ नका. त्याला डॉक्टरांकडे न्या, नीट तपासा आणि जे निघेल ते ऐका, मग ते आपल्या लाडक्या गोष्टीवर का येईना. जिच्यावर तुमची श्रद्धा आहे तिला स्वच्छ ठेवणं हीदेखील पूजाच. माझ्यावर खुशाल बसा, पोटभर कीर्तन ऐका. फक्त उठल्यावर माझं एक टोक धरा आणि मला गच्चीवर न्यायला सीतारामपंतांना मदत करा, त्यांची कंबर अजून दुखते आहे.