गेलेल्या हाताचं दुखणं

हातावर पोट असलेल्या माणसाचा हातच गेला, तर त्याला काय द्यायचं? रिसोडच्या एका कापसाच्या जिनाच्या कचेरीत पौषातल्या एका सकाळी हा प्रश्न निघाला होता, आणि खरं सांगायचं तर तिथं तो कोणालाच फारसा अवघड वाटत नव्हता. इंग्रज सरकारनं नुकसानभरपाईचा कायदा करून काही वर्षं झाली होती. कायद्याला जोडून एक तक्ता होता. डोळा गेला तर इतकं, बोट गेलं तर इतकं, हात गेला तर इतकं. माणसाची कमाई किती बुडाली ते पाहायचं, आकडा काढायचा आणि कागदावर अंगठा घ्यायचा.

अंगठा घेण्याचं काम म्यानेजर बबनरावांकडे होतं. बबनराव काही दुष्ट नव्हते. घरी देवपूजा करणारे, मजुरांशी नीट बोलणारे, मालकापुढे मात्र मान खाली घालणारे, तुमच्याआमच्यासारखेच गृहस्थ होते.

“चूक बाईची होती असं लिहून घ्या,” जिनाचे मालक शेठ म्हणाले, “म्हणजे थोडक्यात भागेल.”

बबनरावांनी तसा कागद लिहून काढला. रेच्यात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात, चतुराबाईचा उजवा हात गेला होता. रुळांवरची लोखंडी जाळी काढून टाकली की काम भराभर होतं, म्हणून ती हंगामाच्या सुरुवातीलाच काढायला लावली होती. शेठनी सांगितलं आणि बबनरावांनी काढवली. कागद खिशात घालून ते बैल जुंपलेल्या धमणीत बसले.

चतुराबाईचं गाव रिसोडपासून फार लांब नव्हतं. नवरा नथ्थू शेतावर गेला होता. ओसरीत चतुराबाई भिंतीला टेकून बसली होती. कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या पट्ट्या होत्या, आणि पुढे काहीच नव्हतं. डाव्या हातात पाण्याचा तांब्या धरून ती त्या ‘काही नाही’वर पाण्याची धार सोडत होती. पाणी सरळ जमिनीवर पडत होतं, तरी तिच्या चेहऱ्यावर क्षणभर गारवा आल्यासारखं दिसलं.

बबनराव तिच्या उजव्या बाजूला टेकणार, इतक्यात आतून तिची सासू गोजराबाई ओरडली.

“तथी नोका बसू बाप्पा! तिचा हात हाय तथी!”

बबनराव चटका बसल्यासारखे उठले. त्यांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. सारवलेली जमीन, त्यावर पाण्याचा ओघळ. बाकी काही नाही. पण म्हातारीसुद्धा ती जागा चुकवून, वळसा घालून आली, हे पाहून भरदुपारी त्यांच्या अंगावर काटा आला.

“हात तर कापला ना आजी, वाशिमच्या दवाखान्यात?”

“डाक्तरनं वरचा तुकडा कापला. हात तं तुमच्या रेच्यानंच नेला. पन तो गेलाच नाई. दुखून राह्यला.”

चतुराबाई हळूच म्हणाली, “मूठ उघडत नाई साहेब. नखं तळव्यात रुतून राह्यले. आन वरून कोनी चुलीतला इस्तो टाकते. माहा हात कुठी ठेवला जी तुमी?”

बबनरावांनी घाईनं कागद काढला. कायदा काय सांगतो, तक्त्यात काय आहे, ते समजावलं. गोजराबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं.

“हे हाताचं झालं. कमाई बुडाली, त्याचं झालं. अन दुखते त्याचं?”

“दुखण्याचा भाव कायद्यात नाही आजी. दुखणं दिसत नाही. ते मोजायचं कसं?”

“बाजारात बैल घ्याले जाता, तं त्याले चालवून पाह्यता, दात पाह्यता, मंग भाव करता. अन इथं माणसाचं दुखणं न पाह्यता भाव कराले आले? काहून? माणूस बैलापेक्षा स्वस्त झाला काय?” म्हातारीचा आवाज चढला नाही, पण बबनरावांना तो सोसेना. “मी कोर्टकचेरी जाणत नाई. मले एवढंच समजते, ज्याले दुखते त्याच्यापाशी बसल्याबिगर दुखणं कळत नाई. बसा आज. दिवा लागेपर्यंत बसा. मंग तुमीच आकडा सांगा.”

बबनरावांना उठून जाता आलं असतं. पण ते बसले.

बराच वेळ काही झालं नाही. माश्या घोंगावत होत्या, चतुराबाई डाव्या हातानं त्या हाकलत होती, जिथं हातच नव्हता तिथून! उन्हं ओसरीत आली. वारा पडला होता, पानही हलत नव्हतं. आणि एकाएकी चतुराबाई ताठ झाली.

“आला! आत्या, इस्तो आला!”

ती किंचाळत मागे सरकली. गोजराबाईनं तांब्या उचलून पाणी ओतलं. चतुराबाईचे दात वाजत होते, कपाळ घामानं भिजलं होतं, आणि ती रिकाम्या हवेत काहीतरी ओढून काढायचा प्रयत्न करत होती. नेमका तेव्हाच लांबून, रिसोडकडून, जिनाचा दुपारचा भोंगा ऐकू आला.

“रोज याच टायमाले,” म्हातारी म्हणाली. “भोंगा पह्यले, का कळ पह्यले, आमाले समजत नाई.”

कळ ओसरली तेव्हा बबनरावांना जाणवलं, की त्यांची स्वतःची उजवी मूठ घट्ट आवळलेली होती. मोठ्या प्रयासानं त्यांनी ती उघडली. तळव्यावर नखांचे वण उमटले होते.

दिवा लागला. गोजराबाईनं विचारलं, “सांगा, किती?”

बबनरावांनी कागद घडी करून खिशात ठेवला. “मला नाही सांगता येत, आजी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रंगराव मिस्त्रीला बायलरजवळ गाठलं. त्या दिवशी रेचा थांबवून चतुराबाईला सोडवलं होतं ते त्यानंच.

“रंगराव, तिचा हात कुठे टाकलास?”

रंगरावचं तोंड उतरलं. “टाकला नाई साहेब. गोणपाटात गुंडाळून पुरला. बायलरच्या मांगं.”

“मागे? तिथं तर राखेचा ढीग आहे!”

“हो जी.”

“राख कधी काढता?”

“रोज दुपारी. भोंग्याच्या वख्ताले.” बोलता बोलता रंगराव थांबला. “कायले पुसता साहेब?”

बबनरावांनी सांगितलं. रंगरावच्या हातातला पाना खाली पडला. दोघांनी त्या ढिगाकडे पाहिलं. वरून धूर निघत होता.

ढीग उपसला. खालची माती हात लावू देईना, इतकी तापलेली! गोणपाट करपून काळं झालं होतं. आतला हात उष्णतेनं वाळून लाकडासारखा झाला होता, आणि त्याची मूठ घट्ट मिटलेली होती. रंगराव मागे सरकला. बबनरावच खाली बसले. त्यांनी हातावर विहिरीचं पाणी घातलं आणि एकेक बोट हलक्या हातानं उघडलं. आत कापसाचा एक पुंजका होता, अजून पांढरा.

नथ्थूला बोलावून त्याच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच्या सावलीत, त्यांनी तो हात पुरला. तिथून तिघंही घरी गेले. अजून कोणी तोंड उघडलं नव्हतं. तोच चतुराबाई ओसरीतून म्हणाली,

“आत्या, मूठ उघडली!”

वाचकहो, वाशिमच्या डॉक्टरांना बबनरावांनी नंतर हे विचारलं. डॉक्टर म्हणाले, “यात भूतबीत काही नाही. अवयव जातो, शिरा त्याला विसरत नाहीत. अशी कळ पुष्कळांना येते, तिचीही परत येईल.” आणि ती आलीही, कमी, पण आली. मग राख आणि भोंगा यांचा मेळ कसा बसला, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. बबनरावांनीही फार खोदलं नाही. भूत असो की शिरा असोत, बाईचं दुखणं खरं होतं, आणि इतके दिवस त्याची कोणी विचारपूसही केली नव्हती!

ते थेट शेठपुढे जाऊन उभे राहिले.

“चूक बाईची नव्हती. जाळी तुम्ही काढायला सांगितलीत आणि मी काढली. भरपाई ठरवणाऱ्या अकोल्याच्या साहेबापुढे मी हेच सांगणार.”

“नोकरीवरून जाल!”

“जाईन. पण खोटा कागद नेणार नाही.”

अकोल्याला सुनावणी झाली. बबनरावांनी सगळं सांगितलं, स्वतःला न वाचवता. साहेबानं कायद्याप्रमाणे पूर्ण भरपाई लावली. मग त्यानं चतुराबाईला आणखी काही सांगायचं का, असं विचारलं. ती मूठ, नखं आणि इंगळ यांच्याबद्दल बोलली. साहेबाची लेखणी थांबली. “या दुःखाला माझ्या कायद्यात जागा नाही, बाई,” तो खालच्या आवाजात म्हणाला. शेठनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं, आणि लगेच नजर वळवली.

आठवड्याभरानं शेठची गाडी चतुराबाईच्या दारात उभी राहिली. बबनरावांना त्यांनी काढलं नव्हतं, सोबत आणलं होतं. शेठ ओसरीत बसले. कळ येऊन जाईपर्यंत बसले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“बाई, कायदा राहू दे,” ते अखेर म्हणाले. “या दुखण्याचं किती द्यायचं, तूच सांग.”

चतुराबाईनं पदर सावरला.

“पह्यले समद्या रेच्यांवर जाळ्या बसवा, शेठजी. मंग माहं बोलू.”

शेठनी मान खाली घातली. जाळ्या बसल्या, आणि चतुराबाईच्या घराचंही शेठनी पुढे जन्मभर पाहिलं.

बंधुभगिनींनो, गेलेल्या अवयवाची किंमत तक्त्यात सापडते, कारण ती कमाईची किंमत असते. दुखण्याची किंमत तक्ता करू शकत नाही. ती करायची असेल, तर आधी दुखणाऱ्याजवळ बसावं लागतं, त्याचं ऐकावं लागतं, आणि तेच दुखणं दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये म्हणून हात हलवावा लागतो. जो हे करत नाही, त्यानं कितीही मोठी रक्कम मोजली, तरी त्याचं देणं फिटत नाही!